हात मागे, डोळे पुढे

आमच्या शेठना गिऱ्हाइकाचा चेहरा कधीच लक्षात राहिला नाही. वर्षानुवर्षं येणारा टेलर दुकानात शिरला तरी शेठ त्याच्याकडे परक्यासारखे बघायचे. पण तोच टेलर बटणांच्या मांडणीवरून नजर फिरवायला लागला की लगेच म्हणायचे, "अरे, तू तर तिसऱ्या ओळीत अडकणारा. बस, बस. आई बरी आहे का?" आणि तो तोच असायचा.

उल्हासनगरात कॅम्प दोनच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. बटणं, हूक, चेन, इलास्टिक, लेस, रिळं असला सगळा माल. बी.कॉम. झाल्यावर दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून मी बदलापूरहून तिथे कामाला जायला लागले आणि दुसरं काही मिळालं तरी गेले नाही. आता तिथे मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि शेठही नाहीत, त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. असते तरी त्यांनी हे वाचलं नसतं. लिहिताना मी कुठे बघते, ते बघत बसले असते.

बटणांच्या कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक नमुना दाखवतं आणि दुकानदार डबा काढून देतो. आमच्याकडे तसं नव्हतं. शेठ मांडणीकडे पाठ करून, उंच स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर बसायचे. नमुना बघून म्हणायचे, "आहे. माझ्या मागेच आहे. शोधा." प्रत्येक डब्यावर त्यातलं एक बटण दोऱ्याने शिवलेलं असायचं. गिऱ्हाइकाने काउंटरच्या अलीकडे उभं राहून नुसत्या नजरेने आपला डबा शोधायचा. बोट दाखवायचं नाही, हात पाठीमागे धरायचे. शेठच्या मते हात हलायला लागला की डोळा झोपतो. तशी पाटीच त्यांनी पेंटरकडून रंगवून घेतली होती: हात मागे, डोळे पुढे. त्याखाली तेच हिंदीत, आणि सगळ्यात खाली सिंधीत.

त्यामुळे भर बाजारात आमच्या काउंटरपुढे बायका-पुरुष हात मागे बांधून गप्प उभे असायचे. शेजारी रिचार्ज मारायला आलेला एक जण हे बघून स्वतःही मान खाली घालून उभा राहिला होता आणि नंतर हळूच मला विचारत होता, "कोण गेलं?"

असं दुकान चालायचं कसं, असं कुणालाही वाटेल. ते आंटींमुळे चालायचं. आंटी म्हणजे शेठच्या बायको. त्या आतल्या बाजूला फोन घेऊन बसायच्या आणि जीन्सच्या कारखानदारांच्या मोठ्या ऑर्डरी परस्पर घ्यायच्या. शेठना त्या काही बोलत नसत. माणसाला काहीतरी नाद असावा, असं त्यांचं मत होतं, आणि बाकीच्या बाजारातले नाद त्यांना माहीत होते.

शेठचं म्हणणं असं, की वस्तू शोधताना माणूस शोधत नसतोच. डोळा आपला रोजच्या रस्त्याने एक फेरी मारून येतो आणि सांगतो, नाही बुवा. "बेटा, डोळ्यासारखा कामचोर नाही. ड्यूटीवर असल्यासारखं दाखवतो फक्त." गिऱ्हाइकांचे त्यांनी प्रकार पाडले होते. झाडूवाले एका कडेने सुरुवात करून दुसऱ्या कडेपर्यंत जायचे. माशीवाले इथे बसले, तिथे बसले, परत इथेच. आणि तिसरे देवदेववाले. त्यांना शोधा म्हटलं की ते आधी छताकडे बघायचे. देवदेववाल्यांसाठी शेठ खुर्ची मागवायचे, कारण त्यांना वेळ लागतो.

हा रस्ता माणूस शाळेत शिकतो, असंही त्यांनी शोधून काढलं होतं. शेठ उल्हासनगरच्याच सिंधी शाळेत शिकलेले, उजवीकडून डावीकडे वाचणारे. त्यामुळे ते काहीही शोधायला लागले की उजव्या कोपऱ्यातून सुरू. आंटी मध्य प्रदेशातल्या हिंदी शाळेतल्या, त्या डावीकडून. घरी एकच कपाट दोघं दोन बाजूंनी शोधायचे आणि मधल्या खणापाशी त्यांची गाठ पडायची. म्हणून त्यांच्या घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या वस्तू मधल्या खणात असायच्या आणि तो खण कधीच बंद व्हायचा नाही. नातीबद्दल मात्र शेठना काळजी होती. ती मोबाईलवर वाढलेली. "तिची नजर लिफ्टसारखी आहे," ते म्हणायचे. "वर-खाली, वर-खाली. बाजूला काय पडलंय तिला कधी कळणारच नाही."

दुकानात एक प्रश्न बंद होता: कुठे आहे? सिंधीत ते म्हणायचे 'किथे आहे', आणि सुरुवातीला मला वाटलं होतं शेठ मराठीच बोलतायत, थोडं नाकात. तर कुठल्याच भाषेत हा प्रश्न विचारायचा नाही. मी कात्री मागितली तर शेठ माझ्या डोळ्यांकडे बघत बसायचे. शेवटी वैतागून मी दाताने दोरा तोडायला शिकले.

आता असा म्हातारा माणूस बायकांच्या डोळ्यांत रोखून बघत बसणार म्हटल्यावर भांडण व्हायचंच. अंबरनाथच्या एका बाईंनी घरी जाऊन सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांचा नवरा बाह्या सरसावूनच आला.

"काय हो, माझ्या बायकोकडे काय बघत होता काल?"

शेठ म्हणाले, "बायकोकडे नाही बघितलं. बुबुळाकडे."

"बुबुळ काय वेगळं असतं का बायकोहून?"

"तेच तर सांगतो. तुमची बायको माशीवाली आहे. घरी चमचे सापडत नसतील."

तो माणूस मारायच्या तयारीने आला होता, पण चमच्यांपाशी थबकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?" शेठनी त्याला काल त्याच्या बायकोने मागितलेला हूक दाखवला आणि म्हणाले, "आता तुम्ही शोधा. बघू नवरा कसा आहे." हा गृहस्थ जो हात मागे बांधून उभा राहिला, तो जेवायची वेळ टळली तरी हलेना. शेवटी बायकोच त्याला शोधत आली. तिने दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या हुकाचा डबा बघितला, पण नवऱ्याकडे बघून काही बोलली नाही. शेठनी ते टिपलं आणि मला हळूच म्हणाले, "बाई समजूतदार आहे."

एवढ्यावर थांबलं असतं तर शेठ माझ्या आयुष्यात एक चक्रम मालक म्हणून राहिले असते. पण मध्येच बाबांची कवळी हरवली.

आम्ही राहतो बदलापूर पूर्वेला, शिरगावात. बाबा मूळचे चामटोलीचे, सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात झालेली. त्या दिवशी चामटोलीला माझ्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता आणि घरातला वडीलधारा म्हणून बोलणी बाबांनी करायची होती. सकाळी कवळी गायब. बिनदाताचं मी येणार नाही, म्हणून बाबा तोंडाला टॉवेल लावून बसले. आईने घर उलटं-पालटं केलं. मी सुट्टी मागायला शेठना फोन केला, कारण सांगितलं, आणि थोड्या वेळाने शेठ रिक्षातून आमच्या दारात उतरले.

त्यांनी घरातल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. बाबांना खोलीच्या मध्यभागी उभं केलं, हात मागे बांधायला लावले आणि म्हणाले, "शोधा." बाबा तोंडातल्या तोंडात बरंच बोलले, ते दात नसल्यामुळे कळलं नाही. मग त्यांची नजर फिरायला लागली. कपाट, टीव्ही, पलंग, खिडकी, मोरीचं दार. शेठ समोर खुर्चीवर बसून बाबांच्या डोळ्यांकडे बघत होते. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "सगळीकडे बघतात. देवाकडे बघत नाहीत."

"देवाकडे कशाला बघतील?" आई म्हणाली. "देवापाशी काय असणार?"

"म्हणूनच," शेठ म्हणाले. "जिथे वस्तू असूच शकत नाही, ती जागा डोळा गाळतो. आणि गाळलेल्या जागेतच ती असते. वहिनी, देव्हारा बघा."

ताम्हनात, सकाळच्या जास्वंदीखाली, बाळकृष्णाच्या शेजारी बाबांची कवळी हसत बसली होती. पूजा करताना हिरडी दुखली म्हणून त्यांनी क्षणभर काढून ठेवली असणार. आईने बाळकृष्णाला उचलून नळाखाली धरलं आणि दिवसभर बाबांशी बोलली नाही. पण बाबांचं त्या दिवशी सगळं बदललं. साखरपुड्यात बोलणी राहिली बाजूला, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला शेठची गोष्ट सांगत होते. त्यानंतर आमच्या घरात काहीही ठरवायचं झालं, नवीन फ्रिज, माझ्या भावाचा कॉलेजचा प्रवेश, की बाबा म्हणायचे, "एकदा शेठना विचारू." शेठना फ्रिजमधलं काही कळत नव्हतं. तरी विचारायचं.

आणि मग माझं लग्न आलं.

मला बघून गेलेल्यांबद्दल फार लिहीत नाही. सगळे सारखेच होते: सोफ्याच्या कडेवर बसणारे आणि पोह्यांची बशी अर्धी ठेवणारे. हा एक वेगळा निघाला. अंबरनाथचा, एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कामाला. बशी रिकामी करून त्याने आईला विचारलं, "अजून आहेत का?" आणि दोघांना बोलायला म्हणून गॅलरीत पाठवल्यावर म्हणाला, "तुम्हाला कंटाळा येत असेल ना, सारखं असं बसायचा? मला तर आला." मला तो तिथल्या तिथे आवडला. घरात येऊन मी आईला सांगितलं, मला हाच पाहिजे. आईने बाबांना सांगितलं. त्यांच्याकडूनही होकार आला. मी मनातल्या मनात साड्या निवडायला लागले होते.

बाबा म्हणाले, "छान आहे मुलगा. आता फक्त एकदा शेठना दाखवू."

मी म्हटलं, शेठचा काय संबंध? पण बाबांनी तोपर्यंत मुलाच्या मामांना फोन लावला होता.

रविवारी तो, त्याची आई आणि मामा दुकानात आले. त्याच्या आईला वाटलं होतं लग्नातल्या ब्लाउजचं मॅचिंग घ्यायला बोलावलंय, म्हणून त्या पिशवीत ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या. मामांनी पाटी वाचली. "हे काय असतं?" त्यांनी बाबांना विचारलं.

"असतं," बाबा म्हणाले. "आमच्यात असतं."

मुलगा स्टोअरमध्ये आहे म्हटल्यावर शेठ खूश होते. दिवसभर वस्तू शोधणारा माणूस, म्हणजे आपल्यातलाच. पण त्याने खरं सांगून टाकलं: कंपनीत सगळं कॉम्प्युटरवर आहे, नंबर टाकला की रॅक येतो, शोधावं काहीच लागत नाही. शेठचा चेहरा पडला. तरी त्यांनी एक मरून रंगाचं, सोनेरी कडेचं बटण त्याच्यापुढे धरलं. "याची जोडी मागे आहे. हात मागे. शोध."

मी मांडणीच्या बाजूला उभी होते. तो डबा कुठे आहे ते मला झोपेतही सांगता आलं असतं. माझी नजर चुकूनही तिकडे जाऊ नये म्हणून मी पंख्याकडे बघायला लागले. आणि तो, काय सांगू, त्याने मांडणीवर एकदा नजर टाकली, मग माझ्याकडे बघितलं, मग मी जिकडे बघत होते तिकडे, पंख्याकडे. मी घाबरून खाली बघितलं. तो खाली बघायला लागला. मी दाराकडे, तोही दाराकडे. मामा खोकले. शेठ स्टुलावरून पुढे वाकून बघत होते. पंख्यावर बटण शोधणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

खूप वेळाने शेठ बाबांकडे वळले आणि म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?" मुलाची आई.

"नाही म्हणजे नाही," बाबाच म्हणाले, आणि उठले. त्याच्या आईने ब्लाउजपीस पिशवीत कोंबला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. काय करायचं ते मी सांगेन असं त्याला वाटत असावं. मी पण बघत राहिले. घरी आल्यावर बाबांनी विषय संपला म्हणून जाहीर केलं. मी जेवले नाही. आई दोनदा बोलायला गेली, तर बाबांनी कवळी काढून ठेवली. ती काढली की त्यांच्याशी वाद घालता येत नाही.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या मी शेठसमोर उभी राहिले.

"काय बघितलंत तुम्ही?"

"तो शोधत नाही, बेटा. तो तुझ्याकडे बघतो. तू पंखा, तर तो पंखा. त्याला आयुष्यात काही सापडणार नाही. मोजे, चाव्या, बिलं, सगळं तू शोधणार. म्हातारी होशील शोधून शोधून. मी तुझ्या भल्याचं सांगितलं."

(हे शंभर टक्के खरं निघालं, इथेच सांगून टाकते. आज सकाळीसुद्धा त्याचा चष्मा मी शोधून दिला.)

"मग शोधीन," मी म्हटलं. "मला तो आवडलाय. मला त्याच्याशीच लग्न करायचंय. मी हे बाबांना सांगितलं, आईकडून सांगितलं. माझे बाबा माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. बटणवाल्याचं ऐकतात. माझं लग्न आहे ते."

आवाज चढला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. शेठ माझ्या डोळ्यांकडे बघत होते. मी म्हटलं, "आत्ता बघू नका. आत्ता मी काही शोधत नाहीये." त्यांनी नजर खाली केली.

आतून आंटींचा आवाज आला. त्या फोनवर हात ठेवून बोलत होत्या. "इनका रूमाल रोज सुबह कौन ढूँढता है, वो भी तो बताओ लड़की को."

 त्या दिवशी शेठनी गिऱ्हाइकांना शोधायला न लावता डबे काढून दिले आणि टेलर लोक घाबरून लवकर निघून गेले.

बाजार बंद असतो त्या दिवशी शेठ आमच्या घरी आले. इस्त्रीचे कपडे, हातात मिठाईचा पुडा. बाबा त्यांना खुर्ची देऊन स्वतः पलंगावर बसले. शेठ बराच वेळ रुमालाशी चाळा करत होते. मग म्हणाले, "साहेब, माझ्याकडून चूक झाली. मुलगा चांगला आहे. मला नीट दिसलं नाही."

बाबा हसले. "शेठ, तुमची चूक होत नाही."

"झाली ना. मीच सांगतोय."

"तो तुमचा मोठेपणा," बाबा म्हणाले आणि आपल्या दातांवर बोटाने टकटक केलं. "हे कोणी शोधले?"

"ते असंच लागलं. अंदाज."

"मोठी माणसं असंच बोलतात," बाबा आईला म्हणाले. आई म्हणाली, "अहो, ते स्वतःच्या तोंडाने सांगतायत." बाबा ऐकेनात. शेठ जेवढं चुकलो म्हणत होते, तेवढी बाबांची श्रद्धा वाढत होती. मला वाटलं, गेलं आता. शेठ स्वतः येऊनसुद्धा शेठचा शब्द मोडता येत नाही.

शेवटी शेठ म्हणाले, "मग माझी परीक्षा घ्या. काहीतरी लपवा. मला सापडलं तर तुमचं खरं. नाही सापडलं, तर माझे डोळे गेले समजा, आणि मुलाकडच्यांना फोन करा."

बाबांना हे पटलं. निकाल त्यांना आधीच माहीत होता. शेठ गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि बाबांनी कंपनीने निवृत्तीला दिलेलं आपलं घड्याळ काढलं. ते कुठे ठेवावं त्यांना सुचेना. डब्यात नको, गादीखाली नको, देव्हारा तर नकोच. मग त्यांना सुचलं. आईचा हात धरून त्यांनी ते घड्याळ तिच्या बांगड्यांमध्ये बांधलं. आईने जन्मात घड्याळ घातलं नव्हतं. "अहो, हे काय," ती म्हणत होती. बाबा म्हणाले, "तू चहा आण फक्त."

शेठ आत आले. आई चहाचा ट्रे घेऊन आली. पट्टा सैल असल्यामुळे ते घड्याळ तिच्या हातावर वर-खाली घसरत होतं आणि बांगड्यांवर खडखड वाजत होतं. आंधळ्यालाही सापडलं असतं. त्यात बाबांना काही लपवता येत नाही. ते आईच्या मनगटाकडे टक लावून बसले होते. माणसांचे डोळे वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला इथे शोधायचं असं काही नव्हतंच.

शेठनी हात मागे बांधले आणि सुरुवात केली. कपाट, टीव्ही, पलंग. खिडकी. मी त्यांना कधी शोधताना बघितलं नव्हतं. ते चक्क छताकडे बघत होते. देवदेववाल्यांसारखे. मग चहा देण्यासाठी आईने कप पुढे केला. त्यांची नजर कपावर आली, कपावरून आईच्या बोटांवर, आणि तिथून उचलली ती थेट तिच्या कोपरावर ठेवली. मधलं मनगट त्यांनी गाळलं. अगदी स्वच्छ गाळलं. तेव्हा मला कळलं, की त्यांना दिसलंय.

त्यांनी परत एक फेरी मारली. बाबांच्या कपाळावर घाम आला. "शेठ, नीट बघा," ते म्हणाले. "जवळच आहे."

"नाही सापडत," शेठ म्हणाले.

 बाबा आधी थोडं हसले, मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी उठून आईचा हात धरला आणि शेठच्या तोंडासमोर उंच केला. "हे काय, इथे."

शेठ वाकून घड्याळाकडे बघत राहिले. "अरे," ते म्हणाले. "इकडे माझं लक्षच गेलं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. लग्न ठरल्याचा आनंद होता, पण रडू त्याचं नव्हतं. बाहेर बाबा शेठच्या शेजारी जाऊन बसले होते, पाठीवर हात ठेवून समजावत होते. "वाईट वाटून घेऊ नका. वय झालं की होतं असं सगळ्यांचं. आता दुकानाचं मुलांना बघू द्या. रिक्षात चढताना जपून चढत जा." शेठ हो हो म्हणत होते.

मग बाबांनी फोन काढला आणि मुलाच्या मामांना लावला. "नमस्कार. हो, आमच्याकडून होकार आहे. नाही हो, त्या शेठचं काही मनावर घेऊ नका. त्यांना आता दिसत नाही. समोरची वस्तू दिसत नाही, बिचारे." शेठ समोरच खुर्चीत बसले होते. बाबांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत ते बशीतला चहा पीत होते.